विंगेतले बाबा

आमच्याकडे व्हिडिओ कॉलची सुरुवात कायम पंख्यापासून व्हायची. आईने कॉल उचलला की आधी चिपळूणच्या घरातला माजघराचा पंखा, तोही बंद, पात्यावरची धूळ मला पुण्यात बसून मोजता येईल इतका जवळून, मग आईचं कपाळ, मग कुंकू, आणि मग "दिसतेय का रे मी?"

"कपाळ दिसतंय. जरा खाली घे."

की थेट गळ्यातली पोत. "एवढं नाही गं, किंचित वर." की परत पंखा. असं दोनतीन मिनिटं चालायचं आणि मग फ्रेमच्या बाहेरून कुठूनतरी आवाज यायचा, "अगं त्या तांब्याला टेकवून ठेव, हातात कशाला धरतेस!"

हा आवाज बाबांचा. ते स्वतः कधीच दिसायचे नाहीत. पण कॉलभर असायचे. म्हणजे आई बोलत असायची भाचीच्या साखरपुड्याबद्दल आणि बाहेरून यायचं, "साखरपुडा नाही, नुसती बैठक आहे." आई ते ऐकून मला सांगणार, "बैठक आहे रे." मी ते आधीच ऐकलेलं असायचं, तरी मी आईने सांगेपर्यंत थांबायचो, कारण बाबांनी आईला सांगायचं, आईने मला सांगायचं, मी आईला उत्तर द्यायचं आणि ते बाबांनी ऐकायचं, हा आमच्या घरचा प्रोटोकॉल. "त्याला विचार गाडीचा इन्शुरन्स भरला का." "बाबा विचारतायत इन्शुरन्सचं." "भरला." "भरला म्हणतोय." "ऐकलं मी." वर्षानुवर्षं हेच.

याचं कारण मला फार उशिरा लक्षात आलं, खरंतर लगेच यायला हवं होतं. बाबा आमच्या वाडीच्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते, वीसेक वर्षं. शिमगा झाला की किंवा वाडीच्या पूजेला नाटक बसायचं, अर्ध्या लोकांचं पाठांतर म्हणजे आनंदच, आणि विंगेत स्टुलावर बाबा, एका हातात वही, दुसऱ्या हातात बॅटरी, बॅटरीच्या काचेवर लाल कागद लावलेला कारण पांढरा उजेड स्टेजवर जातो. लहानपणी मी एकदा त्यांच्या पायाशी बसून आख्खं नाटक पाहिलंय, म्हणजे पाहिलं काहीच नाही, नटांच्या पाठी पाहिल्या. पण एक गोष्ट कळली, की सरदार स्टेजवर जे गरजतो ते दोन सेकंद आधी बाबांनी पुटपुटलेलं असतं. नाटक संपल्यावर नटांना हार, दिग्दर्शकाला नारळ, आणि बाबा सतरंज्या गोळा करणाऱ्या पोरांबरोबर. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ग्रुप फोटोतही ते नसायचे, कारण फोटोवाल्याला "डावीकडची दोन माणसं कापली जातायत" हे सांगणारा माणूस तेच असायचे.

तर असा माणूस. आणि त्याच्या घरात आम्ही आणून ठेवला ऑटो फ्रेमिंगवाला टॅब, म्हणजे माणसाला आपोआप चित्राच्या मधोमध आणणारा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं त्यात आईचा मोबाईल गेला (आणि बाबांच्या नाटकाच्या वह्याही भिजल्या, त्या त्यांनी नंतर पान पान सोडवून पडवीत दोरीवर वाळत घातल्या, शाई पसरून निम्म्या वाचता येत नाहीत, टाकल्या मात्र नाहीत). त्या दिवाळीला मेलबर्नच्या ताईने टॅब पाठवला. मोठा स्क्रीन, स्टँड, तांब्याची गरज संपली. पहिल्याच कॉलला मी बघतोय तर आई बरोब्बर मधोमध. डोक्यावर थोडी जागा, खाली खांद्यापर्यंत, पासपोर्ट फोटोवाला करतो तशी. पंखा गायब. आई पाणी प्यायला उठली तर चित्र तिच्याबरोबर सरकलं, ती परत बसली तर परत आलं, हळूच, कुणीतरी मागे उभं राहून कॅमेरा फिरवतंय असं. मी विचारलं, "आई, टॅब कोण धरलंय?" "कोणी नाही रे, टेबलावर आहे." मग जरा घाबरून, "का, काय झालं?"

काही फिरत नसतं त्यात, कॅमेरा जागचा हलत नाही. आतमध्ये वाईड अँगल लेन्स असते जिला जवळजवळ अख्खी खोली दिसत असते. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये हे आणलं तेव्हा पुढच्या कॅमेऱ्याचा कोन होता १२२ अंश आणि सेन्सर १२ मेगापिक्सेलचा. म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. व्हिडिओ कॉलला लागतात किती, ७२० पी धरलं तर नऊ लाखांच्या आसपास. उरलेल्या ठिपक्यांची चैन आहे ना, मग त्या मोठ्या चित्रात चेहरा कुठंय ते सॉफ्टवेअरने शोधायचं आणि त्याच्याभोवती एक चौकट कापून तेवढीच समोरच्याला पाठवायची. माणूस सरकला की चौकट सरकते. दुसरा माणूस आला की चौकट मोठी होते. आणि मुद्दाम थोडं सावकाश सरकवतात, कारण चेहऱ्याला घट्ट चिकटवून ठेवली तर बघणाऱ्याला गाडी लागल्यासारखं होईल. आता हे सगळ्यांकडेच आहे, विंडोजमध्ये आहे, सॅमसंगमध्ये आहे, ताईने पाठवलेला कुठल्या कंपनीचा ते जाऊ दे. पण ॲपलने ठेवलेलं नाव मला आवडतं, सेंटर स्टेज. रंगमंचाचा मधोमध. बाबा त्या जागेपासून आयुष्यभर पंधरा फूट लांब बसले.

पहिले काही महिने मजा आली हे कबूल करतो. आई स्वयंपाकघरात टॅब नेऊन ओट्यावर ठेवायची आणि काम करत बोलायची. विळीवर खाली बसून ओलं खोबरं खवताना चौकट खाली जायची, उठली की वर, फोडणी टाकायला डावीकडे गेली की डावीकडे. मला पहिल्यांदा आईचे हात काम करताना नीट दिसले, एरवी कॉल म्हणजे बसून बोलायची गोष्ट होती. फक्त ती बोलताना कायम बाजूला बघतेय असं वाटायचं, जणू शेजारी कोण आलंय. ते का, तर तेव्हाच्या बऱ्याच टॅबात कॅमेरा आखूड बाजूला असायचा, टॅब आडवा ठेवला की तो कडेला जातो आणि माणूस स्क्रीनकडे बघतो, कॅमेऱ्याकडे नाही. पुढे २०२२ मध्ये आलेल्या साध्या आयपॅडमध्ये तो लांब बाजूवर नेला. आईला हे समजावायला गेलो तर म्हणाली, "मी तुझ्याकडेच बघतेय, तू कुठे बघतोयस ते तू बघ."

आणि मग आजोबांचा किस्सा. माजघरात भिंतीवर आजोबांचा फोटो आहे, चंदनाचा हार घातलेला, काळा कोट, रुमाल बांधलेला, समोर रोखून बघणारे. एकदा आई बोलत होती आणि चौकट हळूहळू मोठी व्हायला लागली, आई एका बाजूला सरकली आणि दुसऱ्या बाजूला आजोबा आले. यंत्राने दोघांना शिस्तीत बसवलं, डोक्यावर सारखी जागा सोडून. आजोबा जाऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. मी हसायला लागलो, आईने मागे वळून पाहिलं आणि तिला काही कळेना. यंत्राचं तरी काय चुकलं म्हणा, त्याला दोन डोळे, नाक, तोंड मिळालं की झालं, जिवंत आहे का विचारत नाही ते.

पण त्याच वेळी, त्याच फ्रेममध्ये, बाबा पडवीच्या दारात उभे होते. मला त्यांची सावली दिसत होती. मागे अंगणातलं दुपारचं कोकणातलं ऊन, पुढे अंधार, बाबा मुळात सावळे, त्यामुळे चेहऱ्याच्या जागी नुसता काळा आकार. यंत्राने त्यांना घेतलंच नाही. गेलेले आजोबा फ्रेममध्ये आणि जिवंत बाबा अर्धे कापलेले. हसू येत होतं पण जरासं टोचलंही. ट्विटरची एक गोष्ट आठवली, तिथे उभा लांब फोटो टाकला की यंत्र आपोआप त्यातला "महत्त्वाचा" भाग कापून दाखवायचं, तर २०२० मध्ये लोकांनी एका टोकाला गोरा आणि दुसऱ्या टोकाला काळा चेहरा ठेवून फोटो टाकले आणि कापताना गोराच चेहरा उरतोय असं पुन्हा पुन्हा दिसलं. पुढच्या वर्षी कंपनीने स्वतः तपासलं, गोऱ्यांकडे झुकतं माप निघालं, आणि मग तो कापाकापीचा प्रकारच मागे घेतला, फोटो कसा कापायचा ते ज्याचं त्याने ठरवावं म्हणून. आमच्या घरात मामला एवढा गंभीर नव्हता, आमच्याकडे नुसतं दाराचं ऊन होतं. पण मी इंजिनियर डोक्याचा माणूस, मला वाटलं हा लाईटिंगचा प्रॉब्लेम आहे, सोडवूया.

तिथे चूक झाली.

पुढच्या वेळी चिपळूणला गेलो तेव्हा मी माजघरातला जुना पिवळा बल्ब काढून एलईडी ट्यूब लावली, टेबल फिरवून दार कॅमेऱ्याच्या पाठीमागे जाईल असं केलं. आता बाबा खोलीत कुठेही असले तरी तोंडावर उजेड. आणि झालं असं की ते दिसायला लागले. आईच्या कॉलमध्ये आवाज यायचा, "त्याला सांग पोफळीचं..." आणि चौकट लगेच रुंद व्हायची, त्या कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत, आणि बाबा आत. बनियन, चष्मा कपाळावर, हातात पेपर. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपण स्वतः दिसतो ना, तिथे त्यांना ते दिसायचं. आणि ते गप्प व्हायचे. वाक्य अर्धंच. पेपरची घडी करणार, बनियन खाली ओढणार, एकदा समोर बघून मान हलवणार, म्हणजे पाहुणे आल्यावर हलवतात तशी, आणि उठून जाणार. चौकट थोडा वेळ त्यांच्यामागे जायची बिचारी, मग सोडून द्यायची.

"अहो बसा की," आई म्हणायची. "तो मला दाखवतोय," बाबा आतून. तो म्हणजे टॅब.

मला तेव्हा ते गोड वगैरे वाटलं होतं, लाजतायत. ताईला पण स्क्रीनशॉट पाठवला. कोणी स्टेजवर ढकललेला प्रॉम्प्टर काय बोलणार, त्याच्याकडे सगळ्यांचे डायलॉग असतात, स्वतःचा एकही नसतो, हे माझ्या डोक्यात नाही आलं.

खरंतर ते मला कळायला हवं होतं कारण माझं स्वतःचं रडगाणं तेच चालू होतं. आमच्या ऑफिसने लॅपटॉप बदलून दिले आणि त्यात हे ऑटो फ्रेमिंग आधीपासून चालू. वर्क फ्रॉम होमवाल्या माणसाला फ्रेमच्या बाहेरची दीड फूट जागा किती मोलाची असते ते त्यालाच माहीत. माझी ती जागा टेबलाच्या उजवीकडे होती, तिथे पोह्यांची ताटली. मीटिंगमध्ये दुसरा कोणी बोलत असला की खुर्ची किंचित उजवीकडे सरकवायची, एक घास, परत मधे. तर एका सोमवारी मी उजवीकडे सरकलो आणि चौकट आली की माझ्यामागे, सावकाश, एखाद्या सिनेमातल्यासारखी, तोंडात चमचा. अकरा जणांनी पाहिलं. तेवढ्यात लेक धावत आली "बाबा शेव मला पण" करत, दोन चेहरे झाले म्हणून यंत्राने मन मोठं करून फ्रेम वाढवली, आणि मागच्या दोरीवर माझ्या तीन बर्मुडा. मॅनेजर म्हणाले, "नाईस होम." त्या दिवशी संध्याकाळी मी सेटिंग शोधून ते बंद केलं. गूगल मीटवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं, ते सुरुवातीला एकदा तुम्हाला मधे आणून बसवतात आणि मग गप्प राहतात, लग्नातल्या फोटोग्राफरसारखं, हनुवटी वर करून गेला की गेला.

म्हणजे माझं मी लगेच बंद केलं. आईबाबांच्या टॅबवरचं चालूच ठेवलं. माझ्या बघण्याची सोय होती ना ती.

आणि ही ओढ नवी नाही, समोरचा माणूस दिसलाच पाहिजे ही. अमेरिकेत एटी अँड टीने १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन दाखवला होता, १९७० मध्ये पिट्सबर्गला महिना १६० डॉलर भाडं लावून सुरूही केला, आणि चालला नाही. महाग तर होताच, पण लोकांना आपण दिसावं असंच मुळात वाटत नव्हतं. फोनवर बोलताना माणूस पाय वर घेऊन बसतो, नखं कापतो. पुढे फेसबुकने २०१८ मध्ये पोर्टल नावाचं व्हिडिओ कॉलचं यंत्र आणलं ज्यातला कॅमेरा खोलीभर माणसाच्या मागे जायचा, ॲमेझॉनच्या इको शो १० मध्ये तर स्क्रीनच मोटरवर तुमच्याकडे वळतो. तो आमच्याकडे आला असता तर आईने त्यावर टॉवेल टाकला असता आणि बाबांनी दृष्ट काढली असती.

मला पहिला धक्का बसला तो मोटरवरून. विहिरीच्या पंपाची मोटर जळली होती, नवी बसवली, पैसे दिले, सगळं होऊन पंधरा दिवस झाले आणि मला ते कळलं शेजारच्या काकांच्या फोनवरून. आईला विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अरे राहिलंच." आणि हो, आईचं राहतं. आई सांगते कोण कोणाकडे गेलं, कोण काय म्हणालं, कोणाला वाईट वाटलं. मोटर, इन्शुरन्स, पोफळीला किती आलं, डॉक्टरांनी गोळी बदलली, ही वाक्यं बाबांची. ती ते बाहेरून पुरवायचे आणि आई उच्चारायची. मग मी मागचे पाचसहा महिने आठवून बघितले. कॉल झाले होते भरपूर, चित्र अगदी स्वच्छ, आई मधोमध, आणि मला घरातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. डॉक्टरांची गोळीसुद्धा.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "मला पण वाटत होतं काहीतरी कमी आहे, मला वाटलं बाबांना कमी ऐकू यायला लागलंय."

मग ते ऑटो फ्रेमिंग बंद करायचा कॉल. हे सेटिंग त्यांच्या टॅबवर कॅमेरा चालू असतानाच दिसतं, म्हणजे मी व्हिडिओवर असताना आईकडून करून घ्यायचं. "आई, वरच्या उजव्या कोपऱ्यातून बोट खाली ओढ." "ओढलं. उजेड कमी झाला." "तो उजेड सोड. इफेक्ट्स लिहिलंय का कुठे?" "विमान आहे." "विमानाला हात नको लावूस!" कॉल कट. पाच मिनिटांनी लँडलाईनवरून, "विमानाला लागला रे हात." दुसऱ्या खेपेला फोटो निघाले चार, माझेच, तोंड उघडं. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली, "थांब, यांना विचारते," आणि चौकट रुंद होऊन बाबा आले, कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, कोणाशी न बोलता स्क्रीनवर इतके जवळ वाकले की मला नुसतं नाक दिसत होतं, आणि दोनदा टिचकी मारली. चित्राला एक हिसका बसला आणि ते थांबलं.

"झालं?" बाबांनी विचारलं. मला, थेट. मग त्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं झालं, ते सरळ झाले आणि फ्रेमच्या बाहेर गेले. चौकट नाही गेली त्यांच्यामागे.

आता परत जुनं सगळं सुरू झालंय. टॅब कलंडलेला असतो, आई अर्धी कापलेली, आजोबांच्या फोटोचा हार तेवढा दिसतो. मी "किंचित डावीकडे सरक" म्हणतो, ती उजवीकडे सरकते. मधेच उठून गॅस बंद करायला जाते आणि मी रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतो, मागे कुकरची शिट्टी, कावळा, अंगणातून स्कूटर गेल्याचा आवाज. परवा अशीच गेली होती. दोनेक मिनिटं झाली असतील. मला वाटलं विसरली मला. तर बाहेरून, डावीकडून, पेपरची पानं उलटल्याचा आवाज आला आणि मग घसा खाकरल्याचा.

"येतेय ती," बाबा म्हणाले. "दूध उतू गेलंय."

आई आली, पदराला हात पुसत बसली. "काही नाही रे, दूध ठेवलं होतं. हां, तर काय सांगत होते, त्या सोलांचे, तीनशेने दिली किलो..."

"साडेतीनशे."

"साडेतीनशेने दिली," आई म्हणाली.